पानाड्याची गोळी

१ मार्च १९८३, मंगळवार

लातूर जिल्हा झाला आणि दारुड्यांचा डॉक्टर आला. पाऊस तेवढा आला नाही! दर मंगळवारी आमची वरात दवाखान्यात. पंचफुला, माझी बायको, सगळ्यांदेखत माझ्या जिभेवर गोळी ठेवते आणि तोंड उघडायला लावून बघते — बाजारात बैलाचे दात बघावेत तशी. या गोळीवर दारू घेतली की जीव जातो म्हणतात. बाकावर शेजारी मुरुडचा गुरुबसप्पा असतो. त्यालाही हीच गोळी. दर खेपेला विचारतो, "खरंच मरतंय का हो मानूस?"

६ मार्च

शुक्रवारी बोरची गाडी येणार. गावाला एकच बोर. सरपंच ईश्वरप्पा बाटली घेऊनच घरी आले. गावाचा पानाड्या मी, पाणी कुठं आहे ते मीच दाखवायचं — पण आजवर दाखवलं ते पिऊन. आज शुद्धीत तळहातावर नारळ ठेवला. खाली पाणी असलं की तो उभा राहतो; आज हलला नाही. लोक हसले. ईश्वरप्पांनी बाटली पुढं सरकवली.

पंचफुला म्हणाली, "माझं कुकू पुसून पानी पायजे का तुमाला?"

कुणाचीही मान खाली गेली नाही.

९ मार्च

टँकरवर शेजारच्या भामाबाईनं पंचफुलेची घागर लाथाडली. आधी नवऱ्याला पाज म्हणे. हरामखोर!

११ मार्च

युक्ती पंचफुलेचीच. बाटली माझ्या सदऱ्यावर ओतली. तोंडात थेंब नाही, तरी वासानंच मळमळलं. झोकांड्या खात निघालो. नारळ मीच अंगठ्यानं उभा केला आणि चिंचेखाली आडवा झालो — इथं! कुठंही झालो असतो. आणि पाणी लागलं! सगळे पाया पडले, भामाबाईसुद्धा. तिचं डोकं पायाखाली दाबावं, असं फार वाटलं.

१५ मार्च

शेजारच्या गावचे लोक जीप घेऊन दवाखान्यापर्यंत मागं आले. त्यांनाही पाणी हवंय. गुरुबसप्पाच्या कानावर सगळं गेलेलंच. त्यानं विचारलं, गोळीवर प्यालात म्हणे, खरं का?

जीपवाले ऐकत होते. म्हणालो, "हाव. अर्धी बाटली."

तो देवाकडं बघावं तसा बघत राहिला. मजा वाटली. खोटं कशाला लिहू?

२२ मार्च

बाकावर गुरुबसप्पा नव्हता. त्याची बायको नागम्मा उरलेल्या गोळ्या परत द्यायला आलेली. कपाळ पुसलेलं.

"तुमाला काय झालं न्हाई, म्हनून प्याले वो."

सांगायला तोंड उघडलं मी. पंचफुलेनं त्यात गोळी ठेवली.