कंप्रेसर बसवल्याची खुशाली

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला कसा आहे? इकडे सर्व क्षेम. (‘सर्व’ हा शब्द सवयीने लिहिला आहे.)

पत्रास कारण की, सुतारकामाच्या शेडला हवेची लाइन बसवली. तुम्ही जन्मभराचे फिटर, आपणहून पाना घेऊन आला होतात. आणि “मामा, आता कुणाला विचारावं लागत नाही, सगळं मोबाइलवर दिसतं,” असं मी चारचौघांत बोललो. तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात. मग पाइप मीच जोडला. एकूण चौदा सांधे. त्यांपैकी बारा फुसफुसतात (उरलेले दोन कुठे आहेत ते आठवत नाही).

आज सकाळी सासरे बघायला आले. (रिटायर्ड हेडमास्तर, कशालाही सहजासहजी ‘छान’ म्हणत नाहीत.) त्यांना मागच्या खोलीत कंप्रेसरपाशी उभं केलं आणि तुमच्या सुनेला बाहेरचं बटण दाबायला सांगितलं. यंत्र चालू झालं, आणि मग चालायलाच लागलं. खाली रबर घालायचं आणि जमिनीत बोल्ट मारायचे राहिले होते. थरथरत ते दाराकडे गेलं, दाराला टेकलं आणि फुटक्या फरशीत एक चाक रुतवून बसलं. टाकी भरली की ते आपोआप थांबतं. पण हवा सांध्यांतून पळत असल्याने टाकी भरेचना. त्या आवाजात आमच्या हाका कुणाला ऐकू जाणार? शेवटी सासऱ्यांनी सदरा काढून खिडकीच्या गजांतून हलवला. अंगणातून तुमच्या सुनेनेही कौतुकाने हात हलवला. दहा मिनिटं हा निरोप समारंभ चालला. मग तिला शंका आली (बाबा उघडे कधी दिसत नाहीत) आणि तिने बटण बंद केलं.

मामा, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माफी मागायला सवड होत नव्हती. आज भरपूर आहे.

तुमचा (आजपासून) आज्ञाधारक भाचा

ता. क. : येताना मोठा पाना आणि पहार आणावी.

ता. क. दुसरा : दार आतल्या बाजूला उघडतं. आम्ही दोघांनी जोर लावून पाहिला. सासऱ्यांची कंबर धरली. हे पत्र गजांतून दिलं आहे. घेऊन आलेली सून उत्तरासाठी नाही, तुमच्यासाठी थांबली आहे.

ता. क. तिसरा : “ही जोडणी कुणाच्या सल्ल्याने केलीत?” असं सासऱ्यांनी आत्ताच विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं आहे. कृपया नाही म्हणू नये.