बसचे गुण आणि एक घडीची खुर्ची

ती. ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इथे सगळे ठीक, म्हणजे मी ठणठणीत आहे आणि बाकीचे मला वैतागले आहेत.

झालं असं, की या महिन्यात बसवाल्यांनी फोनवर महिनाभराचा एक खेळ काढला. गाडी घरी ठेवून बसने जा, गुण मिळवा. गर्दीची वेळ टाळली तर दुप्पट, पण एक दिवस जरी खंड पडला तरी आठवड्याचे सगळे गुण गेले. (शाळेत मला गुणांचं किती वावडं होतं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? माझं प्रगतिपुस्तक बाबांच्या आधी तूच बघायचीस.) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर यादीत पहिले आहेत हे कळलं आणि मी इरेला पेटलो.

दुप्पट गुणांसाठी सातच्या आत बस धरतो. कचेरी दहाला उघडते. तीन तास पायरीवर बसलेला हेडक्लार्क बघून रखवालदाराला वाटलं, मला घरातून काढलंय. (तुझ्या भावजयीला हे सांगितलं, तर म्हणाली, "त्यांना सांगा, अजून ठरायचंय.") घरी उभ्या गाडीवर कोळ्यांनी जाळी विणून संसार थाटलाय.

गेल्या रविवारी मात्र घोटाळा झाला. हिच्या माहेरची माणसं जेवायला आली होती आणि मला खंड पडू द्यायचा नव्हता. पाव आणतो म्हणून निघालो आणि एका थांब्यापुरता बसमध्ये चढलो. आठवडाभराची झोप साठलेली, खिडकीशी डोळा लागला तो थेट आगारात उघडला. आता उतरताना फोन यंत्राला लावला नाही तर प्रवास मोजत नाहीत, आणि बस धुवायला लावलेली, यंत्र बंद. मी उतरायला साफ नकार दिला. कंडक्टरने समजावलं, आगारप्रमुखांनी समजावलं. शेवटी पाण्याचा पाइप धरलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, तुम्हालाही धुऊ का?" तरी मी हललो नाही. अखेर त्यांनी यंत्र चालू केलं. चार वाजता पाव घेऊन घरी पोचलो तेव्हा पाहुणे केव्हाच गेले होते. ही अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण गुण मिळाले.

असं आमचं चाललंय. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. महिना संपत आला आणि डॉक्टर चाळीस गुणांनी पुढे आहेत. वर्षभरात बसमध्ये पाऊल न टाकलेल्या माणसाला आणलं, तर पन्नास मिळतात. तू दोन वर्षांत टाकलेलं नाहीस. या रविवारी बसने जेवायला ये.

ता. क. २ बक्षीस काय ते लिहायचं राहिलंच. जिंकणारा सांगेल त्या थांब्यावर छप्पर आणि बाक. मी तुझा थांबा लिहून दिलाय. गाडीने न्यायला येतो म्हटलं तर तुला माझ्यावर भार नको, आणि बससाठी उभं राहवत नाही म्हणून तू येणंच सोडलंस. मला तुझी फार आठवण येते.

ता. क. ३ बाक मिळवायला आधी तुला बाकाशिवायच यावं लागणार, हे माझ्याही ध्यानात आलंय. म्हणून रविवारी पहिल्या बसने मीच घडीची खुर्ची घेऊन तुझ्या थांब्यावर येतो. (खुर्चीला तिकीट लागत नाही, विचारून ठेवलंय.) हरलो तर ती तिथेच खांबाला बांधून येईन. साखळी आणि कुलूप आजच आणलं.