उलट बाजूच्या ठिणग्या

१२ जानेवारी १९०९
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं. पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याची सोय होईल.
प्रोफेसर थॅकवेलनी ठिणग्या मोजायचं काम मला दिलं. रेडियममधून सुटणारे कण सोन्याच्या वर्खावर सोडायचे. अंधारात अर्धा तास बसून डोळे सरावले, की पलीकडच्या पडद्यावर ते आपटताना उडणाऱ्या ठिणग्या मोजायच्या. अणू म्हणजे ख्रिसमसचं पुडिंग, इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातले बेदाणे, हे प्रोफेसरांनी पुस्तकात लिहूनच ठेवलंय. तेव्हा कण आरपार जाणारच. आकडे स्वच्छ आले तर ईस्टरनंतर लेक्चररची जागा माझी. झालीच म्हणायची.

१९ जानेवारी
खात्री म्हणून पडदा वर्खाच्या अलीकडे ठेवला. रेडियम आणि पडदा यांच्या मध्ये शिशाची वीट. कण वर्खावरून उलटे फिरल्याशिवाय तिथे पोचूच शकत नाहीत. म्हणजे एकही ठिणगी दिसायला नको.
तीन दिसल्या.
पुडिंगवर आपटून कोणी परत येतं का! दुपारी हेस्टरने मटणाबरोबर लोणच्यातले कांदे वाढले होते. कांद्यांनीच डोळ्यांपुढे चमकलं असणार. कांदे बंद.

२० जानेवारी
कांदे न खाता चार.

२७ जानेवारी
कॉफी बंद. चीज बंद. पाच.
हेस्टर म्हणाली, अरे विल्फ, दिसतायत तर दिसतायत म्हणून लिही की, माझ्या स्वयंपाकाच्या का मागे लागलायस? थोरली बहीण आहे, घर तीच चालवते, म्हणून ऐकून घेतो. विज्ञानात तिला काय कळतंय!

२ फेब्रुवारी
डोळे दाखवले. डॉक्टर एन्टविसल म्हणाले, वीस वर्षांत इतके चांगले डोळे पाहिले नाहीत, खुशाल घरी जा. मी हटलो नाही. तासभर वाद घातला. शेवटी वैतागून, घ्या बाबा एकदाचं, म्हणत त्यांनी लिहून दिलं: ‘या गृहस्थांना नसलेल्या ठिणग्या दिसतात.’ खाली सही.
कागद लॅबच्या फाइलला लावला. पुरावा हवा.

९ मार्च
उलट बाजूचे आकडे असलेली अकरा पानं फाडून शेगडीत टाकली. हात जरासा थांबला होता. मग टाकली. काही वाटलं नाही.
वही आता एकदम स्वच्छ.

१९ एप्रिल
लेक्चरर झालो. प्रोफेसरांनी पाठ थोपटली. हेस्टरने पुडिंग केलं. आनंद असा झाला नाही. उद्यापर्यंत होईल.

२० एप्रिल
नाही झाला. काम फार आहे, त्यामुळे असेल.

६ मे १९११
मध्ये लिहायचं राहिलं. व्याप.
आज मँचेस्टरहून छापील लेख आला. अणू म्हणे जवळजवळ रिकामाच. मध्ये इवलासा, जड गाभा. त्याला थडकलेला कण उलटा फिरतो. हजारोंत एखादा. त्यांनी मोजलेत. अंधारात बसून, ठिणग्या मोजून.
तीनदा वाचलं. मुलांचा तास घेतला, पण काय शिकवलं आठवत नाही.

७ मे
ठरलं. प्रोफेसरांना सांगायचं, की हे मी आधी पाहिलं. माझं नाव लागलंच पाहिजे. सत्य लपत नसतं.

८ मे
प्रोफेसरांना जरा सर्दी आहे. उद्या.

९ मे
सर्दी तशीच. शिवाय पाऊस.

१० मे
सांगितलं. जानेवारी १९०९, तीन, चार, पाच, सगळं तोंडपाठ सांगितलं. प्रोफेसर ताडकन उठलेच. म्हणाले, अहो, मग बोलला का नाहीत? आकडे कुठायत? माझं पुस्तक गेलं चुलीत, पण कॉलेजचं नाव तर होईल! त्यांनी स्वतः फाइल काढली. मी थांबा म्हणेपर्यंत एक कागद हाती लागला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. सहीसकट. मग चष्मा पुसत बसले. तो चढवून म्हणाले, सोमवारपासून नवा अणू तुम्हीच शिकवा.
बरं म्हणालो.
घरी हेस्टरने विचारलं, काय झालं रे? काही नाही म्हणालो. तिने ताटात कांदे वाढले. दोन वर्षांनी खाल्ले.
कांद्यांचा काही दोष नव्हता.