मुकं एटीएम आणि कलाताईचा सत्कार

डोंबिवली (प.),
१२ जून २०२५

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रियांकाला ओरडणं आधी बंद कर. माझं एटीएम कार्ड तुझ्या बायकोने हरवलेलं नाही. रविवारी ती भाजणी घेऊन आली तेव्हा तिच्या पर्समधून ते मीच काढून घेतलं. स्वतःच्याच कार्डाची चोरी केली म्हणून पोलिसांत जायचं असेल तर जा. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझे दाजी गेल्यापासून कार्ड तुझ्याकडे. माझं पेन्शन काढून तूच आणून देतोस आणि वर विचारतोस, ताई, एवढे कशाला लागतात? अरे, पालिकेच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून माझी अख्खी नोकरी झाली. मला दिसत नाही, पण कळतं सगळं.

तर काल मी एकटी एटीएमला गेले. वॉचमन म्हणाला, बाहेर पाटी आहे, अंधांसाठी बोलणारं मशीन. इयरफोन लावायला बोटाने भोक शोधलं, तर त्यात कोणीतरी च्युइंगगम कोंबलेलं. मशीन मुकं. तुझे दाजी कुठली बटणं दाबायचे ते आठवून दाबली, तर पैशांऐवजी चिठ्ठी बाहेर आली. मागच्या सद्गृहस्थांनी ती मदत म्हणून खणखणीत आवाजात वाचली. आता अर्ध्या डोंबिवलीला माझं पेन्शन माहीत आहे.

शाखेत जाऊन तक्रार केली. मॅनेजरसाहेब म्हणाले, मशीन बोलतं हो मॅडम, बाहेरची पाटी वाचली नाहीत का?

मुलांना गोड पापा.
तुझी,
कलाताई

•

ठाणे,
१५ जून २०२५

ती. कलाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. तू एकटी गेलीसच कशी? आमच्या वर्कशॉपमधल्या दौलतच्या आईला एकाने मदत करतो म्हणून हातातलं कार्ड बदलून दिलं आणि खातं साफ केलं. त्या माउलीला तर चांगलं दिसतं. हॉस्पिटलात दाजींनी माझा हात धरून सांगितलेलं, हिला सांभाळ. ते मी विसरलेलो नाही.

बँकेशी भांडू नकोस. त्यांना काही फरक पडत नाही, तुझंच बीपी वाढेल. पुढच्या रविवारी येतो आणि कार्ड घेऊन जातो.

प्रियांकाची माफी मागून झाली. तरी डब्यातली भाजी अळणीच येते.

काळजी घे आणि कृपा करून घरी बस.
तुझा,
महेंद्र

•

डोंबिवली (प.),
२८ जून २०२५

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं रागावलेलं पत्र माझ्या कॉम्प्युटरने हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तसं वाचून दाखवलं, त्यामुळे भीती अजिबात वाटली नाही. रविवारी तू आलास तेव्हा दाराला कुलूप होतं. मी शेजारी हौसाबाईंकडे चहा पीत तुझी बेल ऐकत होते.

आता मुख्य बातमी. बँकेने ज्येष्ठ ग्राहकांचा मेळावा ठेवला आणि त्यात माझा सत्कार! कारण काय, तर जिद्द. मी लगेच हो म्हटलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. मॅनेजरसाहेबांनी भाषणात मला प्रेरणास्थान वगैरे केलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, शब्द नकोत, साहेबांनी माझी एक हौस पुरवावी. ही शाल डोळ्यांवर बांधून बाहेरच्या मशीनमधून स्वतःचे पैसे काढून दाखवावेत. मशीन बोलतं म्हणतात, तेव्हा अवघड जाऊ नये. सभागृह असं हसलं की साहेबांना नाही म्हणता येईना. शाल मीच बांधली. गाठ जुन्या टेलिफोन ऑपरेटरची, सुटते कसली!

सगळे ज्येष्ठ काचेबाहेर, आत फक्त साहेब आणि मी. त्यांनी कार्ड कसंबसं आत घातलं, बटणं दाबली, थांबले. मग हळूच मला विचारलं, स्क्रीनवर काय आलंय हो? महेंद्र, मला विचारलं! मी म्हटलं, साहेब, मला काय माहीत? शेवटी त्यांचा पिन इतक्या वेळा चुकला की कार्डच बंद पडलं.

पण माणूस वाईट नाही. मी शाल सोडली. मग त्यांनी वाकून इयरफोनचं ते भोक बोटाने चाचपलं आणि म्हणाले, मी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. च्युइंगगम काढल्यावर कळलं की मशीनचा आवाज मुळात कोणी चालूच केलेला नव्हता.

प्रियांकाला आशीर्वाद. ती मेळाव्याला आली होती. तुला सांगितलं नाही वाटतं?
तुझी,
प्रेरणास्थान

•

ठाणे,
१ जुलै २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

प्रियांकाने व्हिडिओ दाखवला. पहिल्यांदा रागावलो. मग साहेबांचे हात हवेत फिरताना बघून इतका हसलो की चहा शर्टावर सांडला.

काल संध्याकाळी सुटल्यावर मी पण वागळे इस्टेटच्या एटीएममध्ये गेलेलो. डोळे मिटून करून बघितलं. काहीच जमेना. वॉचमनने येऊन विचारलं, साब, चक्कर आया क्या? बाहेर कठड्यावर बसून राहिलो. ताई, मी तुला पैसे आणून देत होतो, आणि मला वाटायचं, ताईची एवढी सोय करतो आपण.

कार्ड तुझ्याकडेच ठेव. फक्त पहिल्या वेळी मला सोबत येऊ दे. तोंड उघडणार नाही.
तुझा,
महेंद्र

•

डोंबिवली (प.),
७ जुलै २०२५

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व भरपूर आशीर्वाद. वि. वि.

काल तू आलास, बरं वाटलं. तोंड उघडलं नाहीस हेही खरं. पण आत यायला निघालास तेव्हा तुला बाहेर काढावं लागलं. एका वेळी एकच ग्राहक, असा नियम आहे, तो तुलाही लागू.

नंतर तू काच बडवत होतास तेव्हा आत काय चाललं होतं, ते आता सांगते. इयरफोन लावल्यावर आत एक बाई बोलायला लागली. चक्क मराठीत. घाई नाही, दया नाही, आवाज चढवणं नाही. पहिलंच तिने विचारलं, स्क्रीन बंद करायचा का, म्हणजे दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. माझ्या आयुष्यात असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी होकाराचं बटण दाबलं आणि स्क्रीन बंद. ताई, मशीन बिघडलं, असं तू ओरडत होतास, तेव्हा ते बिघडलं नव्हतं रे. आत आम्हां दोघींचं खाजगी चाललं होतं.

लोभ आहेच. तो काचेबाहेर उभा राहून वाढव.
तुझी,
कलाताई