डावा दिवा

वरळी,
शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९५६

प्रिय भिवादादा,

हे पत्र तुझ्या ऑफिसात न पाठवता माटुंग्याच्या खोलीवर पाठवतेय. एकटा असशील तेव्हाच वाच. आई बरी आहे, म्हणजे उठते, शेगडी पेटवते, भाकऱ्या थापते. जेवत मात्र नाही. माझी शाळा सुरू झाली. चौथीच्या वर्गात पूर्वी चाळीस मुली असायच्या, आता एकोणतीस येतात. कोण गावी गेली, कोणाच्या घरी काय झालं, मी विचारत नाही. हजेरी घेताना ज्या नावाला उत्तर येत नाही त्याच्यापुढे काट मारते आणि पुढचं नाव घेते. आबांबद्दल शेवटी लिहिते. आधी मला बाकीचं सगळं नीट मांडू दे, नाहीतर पत्र इथेच राहील.

तो रविवार तुझ्या लक्षात असेलच. बावीस तारीख. मुंबई महाराष्ट्राला नाकारल्यावर उसळलेल्या दंगलींमुळे लागलेली संचारबंदी दुपारी तीन तास उठायची आणि तेवढ्या वेळात आबांना आपल्या मॉरिस टॅक्सीचा फुटलेला दिवा बदलायचा होता. गाडी चार दिवस दोन चाळींच्या मधल्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. लालबागला पोलिसांची काठी बसून पुढचा डावा दिवा फुटला, एवढं आबांनी आईला सांगितलं होतं. रस्त्यात एक गिरणी कामगार गोळी लागून पडला होता, त्याला गाडीत घालून परळच्या इस्पितळात नेताना पोलिसांनी हात दाखवला तरी गाडी थांबवली नाही, हेही सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "बरं केलंत." मग शनिवारी राधाबाई खालून बातमी घेऊन आली की डावा दिवा फुटलेली टॅक्सी पोलीस शोधतायत, टॅक्सीवाल्याने हवालदाराच्या अंगावर गाडी घातली आणि हवालदाराचा पाय मोडला. आबा तेव्हा दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि अर्ध्या दाढीनेच म्हणाले, "मी कोणाच्या अंगावर गाडी घातली नाही." आईने दार लावून घेतलं.

गॅरेजमध्ये गाडी न्यायची सोय नव्हती. तिथे पहिली चौकशी होणार हे आबांना ठाऊक होतं. दिवा दिला तो कोळीवाड्यातल्या धर्माकाकांनी. त्यांच्याकडे कुठल्याशा भंगारातल्या मॉरिसचा दिवा होता, होडीवर लावायला म्हणून ठेवलेला. मासळीच्या पाटीत खाली दिवा, वर बोंबील, अशी पाटी डोक्यावर घेऊन दमयंतीकाकू स्वतः चाळीत आल्या. पाटी उतरवताना एवढंच म्हणाल्या, "घर स्वच्छ पुसून घे गो, वास राहील." आपल्या मजल्यावरच्या बायकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी त्या दुपारी बोळाच्या दोन्ही तोंडांना दोऱ्या बांधून त्यांनी गोधड्या वाळत टाकल्या. एकही गोधडी ओली नव्हती.

आणि मग तू आलास. ऑफिसचा पास होता म्हणून तुला येता आलं. मला किती धीर आला होता तेव्हा! आबांनी आधी बॅटरीची तार सोडली. दिव्याच्या कड्याला खालून एकच स्क्रू, तोही गंजलेला. रॉकेलची धार सोडून आपण वाट बघत बसलो. आबांच्या हातून स्क्रूड्रायव्हर कधी नव्हे तो दोनदा सटकला, म्हणून तो मी घेतला आणि तू कडं दाबून धरलंस. स्क्रू फिरला तेव्हा करकर आवाज आला आणि आपण तिघांनीही वर बघितलं. गॅलरीत कोणी नव्हतं. कडं निघाल्यावर काचेचे दोन तुकडे माझ्या ओटीत पडले. अर्धी काच कड्यातच अडकून होती, आतलं चकाकणारं ताट चेपलं होतं. धर्माकाकांचा दिवा बसला, पण त्याची काच साधी, उजव्याची रेघारेघांची. आबांनी उजव्या काचेवर चिखलाचं बोट फिरवलं, म्हणजे फरक दिसू नये. तार जोडली, बटण ओढलं आणि समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. डावा जरा खाली पडत होता. बुडाशी पत्र्याची चकती घालून मी तो वर घेतला. आबा म्हणाले, "पोरीचा हात बसला." तू हसलास. त्या दिवशी तू हसलास ते तेवढंच.

जुना दिवा समुद्रात टाकायचा होता. पण सवलतीचे तीन तास संपत आले होते, तो घेऊन किनाऱ्यापर्यंत जाणार कोण? तेव्हा तूच म्हणालास, "कोळशाच्या पेटीत ठेवा, तळाशी." आई राधाबाईकडे होती. खोलीत आपण तिघंच. तूच पेटी उपसलीस, गोणपाटात दिवा गुंडाळलास, वर कोळसा लोटलास. मग मोरीत बसून कितीतरी वेळ हात धूत होतास. मी पाणी ओतत होते. मी म्हटलं, "निघालं रे सगळं," तरी तू थांबत नव्हतास.

त्यानंतरचे दिवस तुला ठाऊक नाहीत, कारण तू आला नाहीस. चाळीसमोरच्या कठड्यावर एक इसम येऊन बसायला लागला. रताळी विकायचा, पण कोणी भाव विचारला तर त्याला सांगता यायचा नाही. पोलिसांची गाडी दिवसातून चार वेळा फिरायची आणि आपल्या चाळीपुढे हळू व्हायची. सत्तावीस तारखेला आसपासच्या सगळ्या टॅक्सी जांबोरी मैदानावर बोलावल्या. मी शाळेच्या वाटेवर उभी राहून पाहिलं. ओळीने गाड्या, आणि फौजदार एकेकाला दिवे लावायला सांगत होता. भर उन्हात त्या दिव्यांना काही तेज नव्हतं. आबांची पाळी आली. दोन्ही लागले. फौजदार वाकला, डाव्या काचेवरून बोट फिरवलं, उजव्यावरून फिरवलं, बोटाचा चिखल रुमालाला पुसला आणि आबांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "जा." आबा गाडी घेऊन घरी आले आणि भिंतीला टेकून बसले ते संध्याकाळपर्यंत. मला म्हणाले, "कांता, तो मला सोडत नव्हता, त्याचे डोळे परत येईन म्हणून सांगत होते." मी त्यांना वेड्यात काढलं.

तुला निरोप पाठवला होता. तुझ्याकडून उत्तर आलं की ऑफिसात काम फार आहे. सोमवारी तुझा मित्र सीताराम सांगून गेला की भिवा नोकरीत कायम झाला, आणि जी चौकशी लागली होती तीही मिटली. आईने शेजारीपाजारी साखर वाटली. मीही वाटली. कसली चौकशी, हे मला तेव्हा सुचलं नाही विचारायला.

बुधवारी, परवा, सकाळी नळाला पाणी आलं होतं. मी कळशी घेऊन रांगेत होते. पाचसहा पोलीस जिन्याने वर गेले. रांगेतल्या कोणी कळशी पुढे सरकवली नाही, नुसता नळ वाहत होता. मी धावत वर गेले तेव्हा तो मैदानावरचा फौजदार आपल्या उंबऱ्यात उभा होता. त्याने आबांना नाव विचारलं नाही. गाडी कुठे आहे विचारलं नाही. माळ्यावर चढला नाही, ट्रंका उघडल्या नाहीत. त्याने आईला विचारलं, "बाई, कोळशाची पेटी कुठली?"

आईला काहीच माहीत नव्हतं रे. तिने बोट दाखवलं.

त्यांनी पेटी खोलीच्या मधोमध पालथी केली. गोणपाट सोडलं. फौजदाराने खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात काचेचा एक तुकडा होता, लालबागला रस्त्यावर सापडलेला. कड्यातल्या अर्ध्या काचेला त्याने तो लावला. रेघेला रेघ जुळली. आबा "चला" म्हणाले आणि टोपी घातली. आई अजून त्या कोळशाकडे बघत होती. दोन दिवस झाले, जमिनीवरचा काळा डाग जात नाही, आणि ती तो घासायचं थांबत नाही. सारखी एकच गोष्ट म्हणते, "मी बोट कशाला दाखवलं?"

दादा, दिवा फुटला हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. दिवा बदलला हेही माहीत होतं. चारशे माणसांत एकानेही तोंड उघडलं नाही. पण कोळशाचं तिघांनाच ठाऊक होतं. मी रात्रंदिवस विचार केला की मी कधी, कुठे, झोपेत तरी बोलले का. मी बोलले नाही.

आणखी एक गोष्ट मी आजवर तुझ्याशीही बोलले नव्हते. त्या बुधवारी, अठरा तारखेला, गाडीत तू होतास. ऑफिस लवकर सुटलं म्हणून आबा तुला घ्यायला आले होते. तुझा सदरा मी धुतला, रक्त बाह्यांवर होतं आणि मांडीवर होतं. कोंडीराम नावाच्या त्या कामगाराचं डोकं तू मांडीवर धरून बसला होतास. तो दुसऱ्या दिवशी इस्पितळातच वारला, म्हणजे आता सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही. हवालदार गाडीसमोर होता की बाजूला, त्याला गाडी लागली की तो काठी मारून मागे सरला आणि फुटपाथला अडखळून पडला, हे बघितलेला माणूस आबांशिवाय एकच आहे.

काल मला पाच मिनिटं भेटू दिलं. आबांचा डावा डोळा सुजून मिटला आहे. मी विचारलं तर म्हणाले, पडलो. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मी लिहून दिलंय, गाडीत मी एकटा होतो. तुझी आई विचारेल तर सांग, कोळशाचं मीच टॅक्सी स्टँडवर कोणाजवळ तरी बोललो असेन." मी म्हटलं, "आबा, तुम्ही बोलला नाहीत." त्यांनी गजांतून माझं मनगट एवढं घट्ट धरलं की अजून दुखतंय. म्हणाले, "मीच बोललो. भिवाला यातलं काही कळवायचं नाही. तो कोर्टाकडे फिरकता कामा नये. शपथ घे." मी घेतली.

ती मोडून हे पत्र लिहितेय. तुला काय विचारलं गेलं, कशाचं भय घातलं, मला माहीत नाही. तू भित्रा आहेस असं मी कधी मानलं नाही, अजूनही मानत नाही. भांडायला मी बसलेली नाही. सोमवारी अकरा वाजता आबांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणार आहेत. वकील म्हणतात, अंगावर गाडी घातल्याचं शाबीत झालं तर किती वर्षं ते सांगता येत नाही, आणि आबा साठीला आले. तुझं नाव मी कोणापुढे काढणार नाही, मॅजिस्ट्रेटपुढेही नाही. ते तुझं तुलाच काढावं लागेल. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त जाईल, ते जाणून मी तुला बोलावतेय. आई सारखी विचारते, भिवाला अजून का कळवलं नाहीस, तो धावत येईल. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. तू सोमवारी आलास, तर कधीच सांगावं लागणार नाही.

तुझीच पाठची,
कांता