पूर्वपक्ष आणि पिवळं झबलं

गुरुवार, स्टॅनमोर. जेवणानंतर.

डब्यातलं शेवटचं बिस्किट मुक्ताने खाल्लं, याचा मी या पानावर तीव्र निषेध नोंदवतो. वर म्हणते, "बाबा, माझी रिव्हिजन चालू आहे."

रिव्हिजन अमेरिकेच्या राज्यघटनेची. चौदावी दुरुस्ती: तिथे जन्मलेला आणि तिथल्या कायद्याच्या अधिकाराखाली असलेला, तो तिथला नागरिक. लेकीला म्हटलं, आमच्या संस्कृत पाठशाळेत आधी विरुद्ध बाजू मांडायची, तीही स्वतःची असल्यासारखी. मग खोडायची. आणि मांडली की! आईबाप व्हिसावर म्हणजे पाहुणे, पाहुण्यांचं मूल घरचं कसं? काय रंगलो होतो.

टेबलावर व्हिडिओ कॉल चालूच होता, हे विसरलो. पलीकडे न्यू जर्सीत माझी भाची सई. दिवस भरत आलेले, नवराबायको दोघंही व्हिसावर; आणि अशांच्या मुलांना नागरिकत्व नाकारणाऱ्या सरकारी हुकमावर तिथे खटला चालू. पिवळ्या झबल्याची घडी घालत होती. हात थांबला.

"मामा, कोर्टात सरकारी वकीलही हेच म्हणतायत ना?"

"अगं, हा नुसता पूर्वपक्ष. उत्तर पुढे असतं."

"मग उत्तर काय?"

मी दुरुस्तीचं वाक्य वाचून दाखवलं.

"ते मला पाठ आहे, मामा. न्यायाधीश काय म्हणतील?"

काहीतरी विनोद केला बहुतेक. ती हसली, माझ्यासाठी. झबलं अर्ध्या घडीतच राहिलं.

विरुद्ध बाजू इतकी चांगली का मांडली मी? खोडताही येते, उत्तर आहे माझ्याकडे. पण ते झबलं डोळ्यांपुढून जात नाही. बरोबर उत्तर तिथे मान्य होईलच, असं मला आता वाटत नाही. सईच्या बाळाची काळजी वाटते.