कमी समृद्ध

३ ऑक्टो. १९९९, रविवार
दिवाळी अंकाचा लेख पुरा. विषय: संशोधनाच्या अणुभट्ट्या जास्त समृद्ध युरेनियमवरून कमी समृद्धवर नेणे. संपादक नाना म्हणाले होते, "सर, आठवीच्या पोराला कळेल असं लिहा." लिहिलं. जास्त समृद्ध माल चोरीला गेला तर त्याचा बॉम्ब होऊ शकतो, कमी समृद्धचा होत नाही. भट्टीचं काम अडू नये म्हणून इंधनाच्या त्याच पट्टीत युरेनियम जास्त दाटून भरायचं. पानं देवापुढे ठेवली. हिने हळदकुंकू वाहिलं.

१२ ऑक्टो.
प्रूफ आलं. शीर्षक 'अणुभट्ट्यांच्या माथी निकृष्ट इंधन'. जिथे जिथे 'कमी समृद्ध', तिथे 'निकृष्ट'. शाळा सुटल्यावर थेट सातपूर, नानांचा छापखाना.
"समृद्धच्या उलट काय, सर? तुम्हीच सांगा."
म्हटलं, इथे समृद्ध म्हणजे श्रीमंत नव्हे. युरेनियमच्या एका जातीचं प्रमाण वाढवलेलं, एवढंच.
"मग समृद्ध म्हणायचंच कशाला?"
म्हटलं, शब्द परिभाषेचा, माझा नाही.

१४ ऑक्टो.
पूजेत मन नाही. ही म्हणाली, "अहो, बासुंदी आणि साधं दूध म्हणा. साधं दूध काय निकृष्ट असतं?" एकदम पटलं. नानांना फोन.
"साधं दूध? गवळ्याचंच ना, पाणी घातलेलं? मग मी वेगळं काय म्हणतोय!" आणि हसले. फोन ठेवला.

१६ ऑक्टो.
अंकाची जाहिरात लागली. त्यात माझं नाव, आणि खाली मी न लिहिलेली ओळ: 'आपल्यालाच का हलकं इंधन?' लेखात आपल्या देशाचा उल्लेखसुद्धा नाही. स्टाफरूममध्ये भूगोलाच्या जाधवसरांनी पाठ थोपटली. "बरं खडसावलंत त्यांना!" कुणाला? मी तर...

१८ ऑक्टो.
नानांना सांगितलं, लेख काढा.
"पानं जुळवून फर्मा बांधला, मशीनवर चढलाय. लेख आता निघत नाही. तुमचं नाव काढतो हवं तर. उद्या दसरा, मशीन बंद. परवा सकाळी सांगा."
लेख राहणार, नाव जाणार. हा तोडगा!

१९ ऑक्टो., दसरा
मशीनच्या पूजेला बोलावणं होतं. गेलो. मशीनला झेंडूचा हार, आत तोच फर्मा. हात जोडले, पण नमस्कार नीट झाला नाही. नाना पेढा देत म्हणाले, "सर, शब्दच तो."
नाव ठेवलं तर पोरं म्हणणार, सरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. नाव काढलं तर तेच खोटं बिनधन्याचं फिरणार. मग चूक कबूल करायलाही कुणी उरणार नाही.

२० ऑक्टो.
हिने विचारलं, "ठरलं का?" हो म्हणालो. ठरलेलं नाही. छापखान्याचा नंबर फिरवला. एंगेज. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. पुन्हा फिरवतो.